दिवेलागणीनंतर देत नाहीत

हिमायतनगरच्या त्या गल्लीत श्रीकांत देगलूरकरांना आडनावानं ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. शाळेत शिकवत होते तोवर ते मास्टरसाब होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर काचेची दोन पॅनल बसवली, तेव्हापासून ते सोलारवाले सर झाले. नाव सांगून घर शोधणारा माणूस गल्लीत दोन चकरा मारून परत जाई, आणि 'सोलार' म्हटलं की कोपऱ्यावरचा पानवाला मान न वळवता हात करून दाखवी. सरांना हे नाव मनापासून आवडे. ते आवडत नाही असं दाखवणं त्यांना त्याहून आवडे.

घराणं मूळचं देगलूरचं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होऊन त्याच्या राजधानीच्या शहरात आले, वडिलांनी वकिली केली, आणि श्रीकांतरावांनी बी.एस्सी. करून एका मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. घरात मराठी, बाजारात दखनी आणि रिक्षावाल्याशी भांडताना तेलुगू, असा त्यांचा रिवाज होता. माणूस स्वभावानं भला. गल्लीतल्या कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या पोराला गणित येईना, की सर चप्पल पायात घालून निघालेच. मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायची खोड होती. दाढी करून घेता घेता न्हाव्याला आरशाचा नियम समजावून सांगत, आणि बिचारा न्हावी वस्तरा हवेत धरून ऐकत बसे.

घरात मात्र त्यांचं विज्ञान चालत नसे. सुनंदाबाई परभणीकडच्या, आईनं शिकवलेलं सगळं पाळणाऱ्या. दिवेलागण झाली की त्यांच्या घरातून मीठ, विरजण, दूध, सुई काही म्हणजे काही बाहेर जात नसे. शेजारीण दारात आली तर तिला चहा मिळे, गप्पा मिळत, पण विरजण सकाळीच. श्रीकांतराव त्यावर आल्यागेल्यासमोर थट्टा करत. "लक्ष्मी काय विरजणाच्या वाटीत बसून जाते?" हा त्यांचा ठरलेला विनोद होता, आणि त्याला पहिल्यांदा हसणारे तेच असत. सुनंदाबाई कधी वाद घालत नसत. हसून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायच्या.

ते दिवस मोठे मजेचे होते. ज्यांना काल स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे, त्यांच्या दारात गाड्या दिसू लागल्या होत्या. देगलूरकरांचा अभिजीत कॉम्प्युटरमधला दोन हजार सालाचा घोळ निस्तरायला अमेरिकेत न्यू जर्सीला गेला होता. सुनंदाबाईंचा धाकटा भाऊ किशोर, जो दोनदा बारावीला बसला होता, त्यानं दिलसुखनगरला कोचिंग क्लास काढून तीन मजले चढवले होते. घराघरात टीव्हीवर पन्नास वाहिन्या आल्या, फक्त त्या बघायला वीज पुरेना. उन्हाळा लागला की रोज संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास लाइट जाई आणि दोन-अडीच तास येत नसे. किशोरनं त्यासाठी जनरेटर घेतला होता. तो सुरू झाला की समोरच्या माणसाला कानात ओरडून सांगावं लागे.

सरांचं सगळं कसं शांत. गच्चीवर पॅनल, बाहेरच्या जिन्याखाली दोन थोराड बॅटऱ्या, त्यांच्या शेजारी पेटीएवढा इन्व्हर्टर. दर रविवारी ते बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालत, टोकांना व्हॅसलीन चोपडत, आणि पाहुणा आलाच तर त्याला आधी जिन्याखाली नेत, मग घरात. लाइट गेली की सगळ्या गल्लीत काळोख होई आणि सरांच्या घरात दोन ट्यूबलाइट, एक पंखा आणि लागलाच तर टीव्ही, असा थाट असे. अंधारातून येणारेजाणारे क्षणभर थांबून बघत. सर खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसत आणि वाचत नसत.

त्या एप्रिलात शारजाला क्रिकेटचे सामने लागले. दुपारी सुरू होणारा सामना रात्रीपर्यंत चाले आणि लाइट नेमकी मध्येच जाई, म्हणून किशोर बायकोमुलांना घेऊन दाजींकडे यायचा. तसा त्याच्याकडे जनरेटर होता, पण त्याच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नसे. पहिल्याच सामन्याला घात झाला. किशोरच्या मुलांना उकडायला लागलं म्हणून कुणीतरी कूलर त्याच लाइनीवर लावला. सरांच्या लक्षात येईपर्यंत बॅटऱ्यांनी मान टाकली, आणि ऐन रंगात आलेला सामना पडद्यावरून नाहीसा झाला. भर अंधारात किशोर म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी माझ्याकडेच बसू. आवाज होतो, पण चालतं तरी."

बोलला तो साधंच, पण सरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ते विजेच्या सामानाच्या ट्रूप बाजारात गेले. तिथल्या ओळखीच्या दुकानदाराशी तासभर बोलून त्यांनी तशाच आणखी दोन बॅटऱ्या बाजूला काढून ठेवायला सांगितल्या. अभिजीतचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं. पोरगं म्हणालं, बाबा, विचार कसला करता, घेऊन टाका, मी बघतो. तेव्हा अडचण पैशांची नव्हती. शनिवारी नक्की काय ते कळवतो असं सर दुकानदाराला सांगून आले होते, आणि शनिवारपर्यंत घरात बॅटऱ्यांशिवाय दुसरा विषय नव्हता.

याच आठवड्यात एका संध्याकाळी सुगुणा दारात आली.

सुगुणा म्हणजे भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. नवरा लांबच्या रूटवर बस चालवायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी. ती पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवायची. एकच मुलगी, शिरीषा, डॉक्टर व्हायचं मनात घेऊन बसलेली. आंध्रात त्यासाठी जी प्रवेश परीक्षा द्यावी लागे तिला सगळे एमसेट म्हणत, आणि ती आता तोंडावर आली होती. पोरगी दिवसभर अभ्यास करायची, पण संध्याकाळचे ते दोन-अडीच तास मेणबत्तीवर जात. डोळे चुरचुरायला लागले होते. सुगुणानं फार संकोचून विचारलं की भिंतीवरून एक वायर टाकून एका ट्यूबपुरती लाइट देता येईल का. परीक्षा होईपर्यंतच. बिलाचं काय होईल ते ती देईल.

सुनंदाबाई तेव्हा देवळात भजनाला गेल्या होत्या. सर एकटेच होते.

एक ट्यूब दोन तास चालली तर बॅटरीतलं किती जातं, हे त्यांना गणित न करता कळत होतं. काहीच जात नाही. त्यांनी आयुष्यभर नववीच्या वर्गाला हेच उदाहरण घातलं होतं. पण शुक्रवारी पुन्हा सामना होता, किशोर येणार होता, आणि परत एकदा टीव्ही बंद पडला असता तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. शिवाय भिंतीवरून वायर एकदा गेली की ती सगळ्या गल्लीला दिसणार. आज एक ट्यूब, उद्या पलीकडच्यांचा पंखा, परवा इस्त्री. बोट दिलं की मनगट धरायला लोकांना वेळ लागत नाही. हे सगळं त्यांच्या मनात एका क्षणात येऊन गेलं. सरळ 'नाही' म्हणायला मात्र जीभ उचलेना. आजवर या गल्लीत त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि ते नावही त्यांना जपायचं होतं.

मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून ते स्वतःच चपापले. ते म्हणाले, सुगुणा, काय सांगू, आमच्याकडे एक रीत आहे, दिवेलागणीनंतर घरातलं काही बाहेर देत नाहीत. आणि उजेड म्हणजे तर साक्षात लक्ष्मी. मला काही नाही गं, पण हिला चालत नाही.

सुगुणानं क्षणभरही शंका घेतली नाही. उलट तिनंच पदर सावरला. "हौ सर, मालूम है. हमारे अम्मा के घर में बी ऐसाच था. दीये लगे बाद नमक भी नहीं देते थे. मैंच गलत टाइम पे आयी," असं म्हणून ती माफी मागून गेली. सर दार लावून आत आले. ज्या गोष्टीला आपण तीस वर्षं हसलो तीच पुढे करून आपण सुटलो, हे त्यांना कळत होतं. पण सुटलो याचं समाधानही थोडं होतंच. ते नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

हे समाधान चोवीस तासही टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात, चार वाजता, सुगुणा पुन्हा हजर. तिनं रात्रभर विचार केला होता. विरजण जसं दिवे लागायच्या आधी मागून न्यायचं, तशी ही वायर आत्ताच जोडून घेतली आणि बटण आत्ताच चालू करून ठेवलं, तर दिवेलागणीनंतर दिलं असं होणार नाही. दिलं ते दिवसाउजेडी. सुनंदाअम्मांचा नियमही मोडत नाही. बाई इतक्या निर्मळ मनानं हे सांगत होती की सरांना तिच्याकडे बघवेना. रीत मोडायची नाही, रीतीच्या कडेनं वाट काढायची, हे पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या आहेत. सरांनी तेवढ्यासाठीच त्यांची थट्टा केली होती.

आता काय सांगायचं? सरांनी दुसरं कारण काढलं. म्हणाले, खरं सांगायचं तर बॅटऱ्या पुरत नाहीत. परवाच सगळं बंद पडलं, तू ऐकलंच असशील. पण मी आणखी दोन घ्यायच्या विचारात आहे. त्या आल्या की बघू.

बघू म्हणजे नाही, हे सरकारी नोकरीतल्या घराण्यांना जन्मतः कळतं. सुगुणाला ते कळलं नाही. तिला वाटलं हो म्हणाले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला ठाऊक झालं की सर शिरीषासाठी नव्या बॅटऱ्या आणतायत. पानवाल्यानं सरांना उठून नमस्कार केला. पलीकडच्या घरातली म्हातारी, जी एरवी सरांच्या पॅनलवरून परतणारा उजेड डोळ्यात जातो म्हणून कटकट करायची, तिनं थांबवून डोक्यावर हात ठेवला. आणि भाजी घेऊन आलेल्या सुनंदाबाई पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, मला बोलला नाहीत ते! मी म्हणत होते क्रिकेटसाठी खर्च करताय, आणि तुमच्या मनात हे होतं. त्या दिवशी त्यांनी न सांगता शेवयांची खीर केली. सरांनी ती खाली मान घालून खाल्ली. गोड लागली, आणि त्याचीच लाज वाटली.

वर त्या असंही म्हणाल्या की सुगुणा किती पाळते बघा, आज म्हणाली, अम्मा, तुमच्या घरचं दिवेलागणीचं मला माहीत आहे, मी संध्याकाळी कधी काही मागणार नाही. सुनंदाबाईंना ते विरजणाबद्दल वाटलं. सरांना ठसका लागला.

आता बॅटऱ्या घ्याव्या की घेऊ नयेत, हा प्रश्न वेगळाच होऊन बसला. घेतल्या तर किशोरपुढे मान ताठ राहणार होती, पण मग वायर द्यावीच लागणार, आणि पुढे सगळी गल्ली रांग लावणार. नाही घेतल्या तर पुरत नाही हे कारण शाबूत राहणार होतं. शहाण्या माणसानं कधी असा हिशेब केला नसेल, की जास्त नको, कारण जास्त झालं तर द्यावं लागेल. सरांनी तो केला. शुक्रवारचा सामना किशोरच्या सासरच्या लग्नकार्यामुळे चुकला, तेवढी एक सवड मिळाली. शनिवारी ते ट्रूप बाजारात गेले, दुकानात शिरले, आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या दोन बॅटऱ्या त्यांनी बघितल्या, आणि दुकानदाराला म्हणाले की अजून ठरत नाही, थोडे दिवस राहू द्या. घरी येऊन सांगितलं की माल आलेला नाही, मुंबईहून यायचाय.

सुनंदाबाईंनी ते जसंच्या तसं सुगुणाला सांगितलं. सुगुणा म्हणाली, बिचारे सर, माझ्या पोरीसाठी उन्हात हेलपाटे घालतायत.

हे कानावर आल्यापासून श्रीकांतराव गल्लीतून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले. सकाळी फिरायला जायचे ते अंधारातच जाऊन येऊ लागले. शिरीषा रविवारी फिजिक्सच्या शंका विचारायला यायची, तिला त्यांनी डोकं दुखतंय म्हणून परत पाठवलं. नेमका तिला विजेचा धडा विचारायचा होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, सर आजारी आहेत. त्यांना स्वतःलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण कुठे दुखतंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. रोज संध्याकाळी लाइट जायची, ते बटण दाबायचे, घर उजळायचं, आणि शेजारच्या घरात काडी ओढल्याचा आवाज यायचा. आपल्या मनाची आपल्यालाच शिसारी येणं म्हणजे काय, ते वयाच्या साठीत त्यांना कळत होतं. तरी उठून वायर काढावी असं होईना. इतक्या दिवसांनी काय म्हणून द्यायची? आधी का दिली नाही, याचं उत्तर त्या वायरीबरोबरच द्यावं लागणार होतं.

शारजाचा शेवटचा सामना आला. किशोर सहकुटुंब आला, त्याच्या क्लासमधले दोन सहकारी आले, सुनंदाबाईंनी मोठं भगोणं भरून चिवडा केला. या वेळी सरांनी कूलरची वायरच काढून माळ्यावर टाकली होती. संध्याकाळी ठरल्या वेळी लाइट गेली, टीव्ही अखंड चालू राहिला, आणि किशोर म्हणाला, "क्या बात है दाजी." सरांना बरं वाटलं. थोड्या वेळानं किशोरनंच सुचवलं की खिडकीजवळच्या ट्यूबची पडद्यावर चमक येते, ती घालवा, बॅटरीही वाचेल. सरांनी उठून ट्यूब बंद केली. टीव्हीच्या निळ्या उजेडात सगळे पुढे सरकून बसले.

बॅटऱ्यांचं पाणी आणि मीटर एकदा बघून यावं म्हणून सर टॉर्च घेऊन बाहेरच्या जिन्याकडे गेले. जिना सुगुणाच्या भिंतीला लागून होता. भिंत कमरेएवढी. वाकून मीटर बघत असताना त्यांना पलीकडे काहीतरी हललेलं जाणवलं, म्हणून त्यांनी टॉर्च फिरवला.

सुगुणाच्या अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडावर शिरीषा बसली होती. मांडीवर जाडजूड पुस्तक उघडं, हातात पेन्सिल. ती लिहीत नव्हती. अंधारात नुसती बसून होती. सरांनी मान वळवून आपल्या घराकडे बघितलं. त्यांच्या पुढच्या खोलीची खिडकी बरोबर त्या दगडासमोर येत होती. ट्यूब चालू असली की भिंतीवरून तिचा उजेड तेवढ्या दगडावर पडायचा. आणि ती ट्यूब त्यांनी आत्ताच बंद केली होती.

टॉर्च तोंडावर आला तशी पोरगी ताडकन उभी राहिली. पुस्तक छातीशी धरून ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "सॉरी सर. दीये लगे बाद आपके घर का उजाला लेरी थी मैं. नहीं लेना बोलके मालूम था मेरेकू. पर्चा नज़दीक है बोलके बैठी. आंटी को नक्को बोलो सर, उनकू बुरा लगेगा."

श्रीकांतरावांच्या हातातला टॉर्च खाली आला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते त्यांना झालं. पोरगी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या दगडावर बसली होती. आपोआप येऊन पडलेल्या उजेडासाठी ती माफी मागत होती, कारण तो घेतला तर सरांच्या घराचं वाईट होईल असं तिला वाटत होतं. आणि हे तिला कुणी शिकवलं, तर विज्ञानाच्या मास्तरांनी. आतून टीव्हीचा गलका आला, कुणीतरी चौकार मारला होता. सर आत गेले, माळ्यावर टाकलेली कूलरची लांब वायर ओढून काढली, तिचं एक टोक इन्व्हर्टरच्या लाइनीवरच्या प्लगमध्ये खोचलं, आणि जाता जाता टीव्हीचं बटण बंद केलं.

खोलीत एकदम हाहाकार झाला. किशोर म्हणाला, दाजी, शेवटची षटकं राहिलीत, हे काय करताय. वास्तविक टीव्ही बंद करायची काहीच गरज नव्हती. दोन्ही चाललं असतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांना तो आवाज सहन होईना. सुनंदाबाई चिवड्याचा डाव हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या.

वायरीचं भेंडोळं सोडत सर शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. सुगुणा मेणबत्तीच्या उजेडात ब्लाउजला हुक लावत होती. तिनं वायर बघितली आणि ती लगबगीनं उठली. तिचा चेहरा आधी उजळला, मग ती थबकली. दोन्ही हात मागे घेऊन म्हणाली, अब नक्को सर, दिवे लागून गेलेत. नव्या बॅटऱ्या आल्या हे फार चांगलं झालं, पण अशा वेळी दिलंत तर अम्मांच्या मनाला लागेल. उद्या चार वाजता शिरीषाला पाठवते.

सर उंबऱ्याबाहेर उभे. शिरीषा आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. वायर तशीच ठेवून निघून जाता आलं असतं. उद्या चार वाजता दिली असती तरी चाललं असतं, कुणाला काही कळलं नसतं, उलट सगळ्यांनी नावच काढलं असतं. सरांना हे सगळं दिसत होतं. त्यांचे पाय परत वळण्यासाठी अधीर झाले होते, ही गोष्टही त्यांना स्वतःपासून लपवता येत नव्हती.

"सुगुणा," ते म्हणाले, "नयी बैटरी नहीं आयी. पुरानीच है. पहले दिन से देने के लिए काफी थी. और अम्मा ने कुछ नहीं बोले. उनको मालूम भी नहीं. मैं झूठ बोला."

सुगुणा चिडली असती, वायर फेकून दिली असती, तर सरांना हायसं वाटलं असतं. ती चिडली नाही. तिनं त्यांच्या हातातून वायरीचं टोक घेतलं, शिरीषाकडे दिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "नहीं देना था तो नहीं बोल देते सर. हम क्या बुरा मानते थे? अम्मा का नाम कायकू लिये?"

शिरीषानं टोक जोडलं, ट्यूब एकदोनदा मिचमिचली आणि लागली. पोरगी वर न बघता पुस्तक घेऊन खाली बसली. तिनं नेहमीसारखं 'थँक्यू सर' म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

घरी येऊन सरांनी टीव्ही पुन्हा लावला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसले. सामना संपला, कोण जिंकलं यावर बराच आरडाओरडा झाला, मंडळी गेली. तोवर लाइटही आली होती. सुनंदाबाई मागचं दार लावायला गेल्या आणि हातात वायर घेऊन परत आल्या. सुगुणानं लाइट आल्याबरोबर ती काढून, नीट गुंडाळून, ब्लाउजच्या कापडाच्या पट्टीनं बांधून भिंतीवर ठेवली होती. सुनंदाबाईंनी विचारलं, हे काय, आणि नव्या बॅटऱ्या आल्याशिवाय हे कसं चाललं?

तेव्हा श्रीकांतरावांनी सगळं सांगितलं. रीत कुणाच्या नावानं पुढे केली तेही सांगितलं, दुकानात माल पडून आहे तेही सांगितलं. सांगताना ते समोरच्या पाटावरची रेघ बघत होते. शेवटी सुनंदाबाई म्हणाल्या, "तीस वर्षं माझ्या रीतीला हसलात. मी एक शब्द बोलले नाही. आणि एकदा पाळायची वेळ आली, तर अशी पाळलीत."

त्या वायर ठेवायला उठल्या. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, की उद्या दुकानदाराला फोन कराल तो माझ्यासमोर करा, आणि काय सांगायचं ते खरं सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मेथीची जुडी निवडायला फोनशेजारीच बसल्या. सरांनी नंबर फिरवला. पलीकडून दुकानदारानं उत्साहानं विचारलं, पाठवू का माल, गाडी दारातच उभी आहे. सर म्हणाले की बॅटऱ्या नकोत, चिठ्ठी काढून दुसऱ्या कुणाला देऊन टाका. दुकानदाराला नवल वाटलं. तो म्हणाला, "लेकिन सर, आप तो बोले थे ना, पूरा नहीं पड़ता?"

सुनंदाबाईंचे हात मेथीवर थांबले.

"बोला था," श्रीकांतराव म्हणाले. "पूरा पड़ता था."